काशीचे मासे

काशीला जाऊन आलेला माणूस काय काय आणतो, सांगा बरं? गंगाजलाची लोटी, हातात बांधायचे काळे गंडे, आणि जमलंच तर एखादी बनारसी साडी. मी मात्र काशीहून चौतीस मासे घेऊन आले!

नाक मुरडू नका. मासे काचेचे होते. बोटाच्या पेराएवढे, निळे, हिरवे, पिवळे. प्रत्येकाला दोन डोळे, पाठीवर पर आणि मागे शेपूट. आणि तोंडापासून शेपटीपर्यंत आरपार एक भोक. म्हणजे ते होते मणीच!

एवढे मासे कशाला? त्याचं असं झालं.

सिन्नर तालुक्यातल्या एका छोट्या गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे आणि वर्गात चौतीस मुलं आहेत. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं, वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावायला एक गोधडी करायची. प्रत्येकानं घरून जुन्या साडीचा, धोतराचा, परकराचा एकेक तुकडा आणला. हिरव्या तुकड्यांची शेतं झाली. तपकिरी तुकड्यांचे डोंगर झाले. निळे तुकडे एकाला एक जोडून मधून आमची देवनदी वाहायला लागली. गावातल्या दोन आज्ज्या रोज दुपारी यायच्या आणि मुलांना धावदोरा घालायला शिकवायच्या. मुलगेसुद्धा सुईत दोरा ओवायला शिकले, बरं का! सुईचं नेढं शोधताना तिरळे व्हायचे, पण शिकले.

नदी तयार झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, नदीत मासेच नाहीत!”

खरंच की! आम्ही बटणं लावून पाहिली, ती बटणंच दिसली. टिकल्या लावल्या, त्या दोन दिवसांत गळाल्या. तेव्हा मला माझा डबा आठवला.

माझ्याकडे मण्यांचा एक डबा आहे. त्याची सुरुवात माझ्या आजीच्या रुखवतापासून झाली. पूर्वी लग्नाच्या रुखवतात मुलीनं स्वतः केलेल्या वस्तू मांडायचे. आजीनं काचेचे मणी ओवून दाराचं तोरण केलं होतं. पुढे ते तोरण ट्रंकेत पडून राहिलं, दोरा कुजला, आणि एक दिवस उचलायला गेले तर सगळे मणी घरभर! मी ते वेचून बिस्किटांच्या डब्यात ठेवले. तेव्हा मी तुमच्याएवढी होते. तेव्हापासून जत्रेत, बाजारात, कुठंही गेले की वेगळा मणी दिसला की घ्यायचा, हा छंदच लागला. जोडीला एक वही. वहीत चार रकाने: मणी कसा आहे, कुठं मिळाला, कधी मिळाला आणि कुणी केला. गंमत म्हणजे चौथा रकाना इतकी वर्षं कोराच होता. दुकानदाराला विचारलं की तो म्हणायचा, “माल वरून येतो.” वरून म्हणजे कुठून, देव जाणे!

डब्यात मासा एकही निघाला नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना काशीयात्रेला न्यायचं ठरलं होतं, आणि काशीचे काचेचे मणी नावाजलेले आहेत हे मी वाचलं होतं. जशी आपली नाशिकची द्राक्षं, तसे वाराणसीचे काचमणी. दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे त्या गावाचं नाव त्या वस्तूला कायद्यानं जोडलेलं आहे.

नाशिकरोडला पहाटेच्या अंधारात आम्ही महानगरी एक्स्प्रेसमध्ये बसलो. भुसावळ, इटारसी, जबलपूर करत एक दिवस आणि एक रात्र प्रवास करून वाराणसीला उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे नावेतून घाट पाहिले. काशीला गंगा चक्क उत्तरेकडे वाहते, त्यामुळे घाटांवर उगवत्या सूर्याचं ऊन थेट समोरून येतं. नावाडी एकेक घाट दाखवत होता आणि आम्ही ओळखीची नावं ऐकत होतो: भोसले घाट, शिंद्यांचा घाट, अहिल्याबाई घाट. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभारलं, हे सासूबाईंनी नावाड्यालाच ऐकवलं! त्याला ते माहीत होतंच, पण त्यानं मुकाट्यानं मान हलवली.

दर्शन झाल्यावर सासूबाई धर्मशाळेत पडल्या आणि मी मण्यांच्या शोधात निघाले. एका अरुंद गल्लीत दुकान सापडलं. भिंतभर माळाच माळा! हत्ती, पानं, द्राक्षांचे घोस, पोपट, फुलं, सगळं काचेचं. मासेही होते. दोन पेट्यांत, दोन वेगळ्या किमतींचे.

“यात फरक काय?” मी विचारलं.

म्हातारे दुकानदार हसले. त्यांनी दोन्ही पेट्यांतले चार-चार मासे माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाले, “नीट बघा. हे साच्यातले. सगळे जुळे भाऊ. आणि हे हातचे. हे नुसते सख्खे भाऊ.”

खरंच! साच्यातले चारही मासे हुबेहूब सारखे होते, आणि प्रत्येकाच्या पोटावरून एक बारीक रेघ गेली होती. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात, तिथं ती रेघ उमटते. हातच्या माशांवर रेघ नव्हती. एक जरा लठ्ठ, एक जरा हसरा, एकाचा डोळा मोठा. तुम्हीही मणी जमवत असाल तर ही खूण लक्षात ठेवा. आणखी दोन खुणा सांगते. मणी उजेडाकडे धरून पाहावा, आत तडा असेल तर तो केसासारखा चमकतो. आणि भोकाच्या कडेवरून नख फिरवावं. कड खरखरीत असेल तर ती पुढे दोरा कापते.

“हे मासे कोण करतं?” मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. यावेळी ‘माल वरून येतो’ असं उत्तर आलं नाही. दुकानदारांनी कागदावर पत्ता लिहून दिला. शहराच्या कडेला एका वस्तीत राहणाऱ्या एका बाईंचा. सगळे त्यांना चाची म्हणतात, म्हणून मीही चाचीच म्हणेन.

चाचीचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी एक बुटकं टेबल, त्यावर गॅसवर चालणारा बर्नर. शेजारी रंगीत काचेच्या कांड्यांची जुडी, आपल्या खडूंच्या पेटीसारखी. पूर्वी हे काम तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर, तिला वारा घालून करायचे. आता दिवा गेला, गॅस आला, पण काम ज्योतीवरचंच राहिलं.

“मासा करून दाखवाल?” मी विचारलं.

चाचीनं एक तार घेतली. तिच्या टोकाला पांढऱ्या मातीचा लेप वाळलेला होता. डाव्या हातात तार, उजव्या हातात निळी कांडी. कांडीचं टोक ज्योतीत धरलं. आधी काही नाही. मग टोक लाल झालं, नारिंगी झालं आणि काकवीसारखं लोंबायला लागलं! काच म्हणजे मुळात वाळू. नुसती वाळू वितळवायची तर सतराशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. म्हणून तिच्यात सोडा मिसळतात, त्यानं ती कमी उष्णतेत वितळते. आणि चुना घालतात, त्यामुळे ती पाण्यात विरघळत नाही. रंग येतो तो धातूंमुळे. कोबाल्टनं गडद निळा, लोखंडानं हिरवा.

चाचीनं ती मऊ काच तारेवर गुंडाळायला सुरुवात केली. तार सारखी फिरत होती, क्षणभरही थांबत नव्हती. थांबली तर काच एका बाजूला ओघळते. आधी गोळी झाली, मग लांबट पोट झालं. मग चिमटा पुढे आला. मऊ काचेला एक चिमटा की पर, जरा ओढून चपटा दाब की शेपूट. मग पांढऱ्या काचेच्या दोऱ्यासारख्या बारीक कांडीनं एक ठिपका, त्यावर काळा ठिपका. डोळा झाला! दुसऱ्या बाजूला दुसरा. मध्येच ती शेपूट पुन्हा ज्योतीजवळ नेत होती. शेपूट पातळ, ती आधी थंड होते आणि तडकते.

मासा झाला, पण तो लगेच हातात मिळत नाही. चाचीनं तो तारेसकट गरम राखेच्या डब्यात खुपसला. थंड पेल्यात एकदम कढत चहा ओतला की पेला तडकतो ना? तसंच हे. काच पटकन निवली तर बाहेरची काच आधी आकसते, आतली गरमच राहते. दोघींची ओढाताण होते आणि मणी फुटतो. राखेत तो सावकाश निवतो. निवल्यावर तार हळूच फिरवून काढायची. मातीच्या लेपामुळे काच तारेला चिकटलेली नसते. तार निघाली की तिची जागा म्हणजेच मण्याचं भोक!

(हे वाचून घरी गॅसवर बाटलीची काच तापवायला जाऊ नका हं! तापलेली काच फुटली की तिचे कण डोळ्यात उडतात. चाचीनं चष्मा लावला होता आणि स्वतःच्या मुलीलाही टेबलापासून दूर बसवलं होतं. मुलगी सहावीत होती, दाराशी बसून गृहपाठ करत होती.)

मी घड्याळ लावून पाहिलं. एका माशाला चार मिनिटं लागली.

“मला चौतीस हवेत,” मी म्हटलं. “केवढ्याला?”

“पंधरा रुपयाला एक.”

“दहा द्या.”

बाजारात आपण बोलतो ना, तसंच मी बोलले. विचारसुद्धा केला नाही. चाची थोडा वेळ गप्प राहिली. मग बारावर तुटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मासे आणायला गेले. एकेक निवडून पाहिला. तिघांची शेपूट एका बाजूला वाकली होती. मी ते बाजूला केले आणि म्हटलं, “हे नकोत, बदलून द्या.” चाचीनं काही न बोलता पुन्हा बर्नर पेटवला आणि तीन नवे मासे करून दिले. मी चारशे आठ रुपये दिले, आणि वहीतला चौथा रकाना आयुष्यात पहिल्यांदा भरला. मोठ्या आनंदानं चाचीचा पूर्ण पत्ताही लिहिला. गाडीत सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “चांगला भाव केलास हो!” मीही खूश.

सुट्टी संपली. मी वर्गात मासे ओतले तेव्हा जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. प्रत्येकानं एकेक मासा उचलला. मी त्यांना राख, तार, ज्योत, चिमटा, सगळं सांगितलं. मग शिवणं सुरू झालं. काचेचा मणी जड असतो, म्हणून दोरा दुहेरी घेतला आणि मेणातून ओढला. सुई गोधडीच्या मागून वर काढायची, माशाच्या शेपटीतून शिरून तोंडातून बाहेर. मग एक बारीक मणी ओवायचा आणि सुई परत माशातून मागे न्यायची. तो बारीक मणी माशाला अडवून धरतो, आणि माशानं तोंडात बुडबुडा धरल्यासारखा दिसतो! गोधडीला चार थर असतात म्हणून एवढ्या माशांचं वजन पेलतं. पातळ कापड असतं तर ओघळलं असतं.

शिवता शिवता एक मुलगी म्हणाली, “बाई, चाचीला एका माशाचे किती मिळतात?”

“बारा रुपये,” मी सांगितलं. आणि का कोण जाणे, कौतुकानं पुढचंही सांगितलं. “पंधरा म्हणत होती. मी बारावर आणलं.”

ती काही बोलली नाही. दोन टाके घातले आणि मग म्हणाली, “आणि ते वाकडे तीन? त्यांचे?”

“त्यांचे कसे देणार? ते मी घेतलेच नाहीत.”

“माझ्या आईच्या विड्या पण अशाच बाजूला काढतात,” ती म्हणाली. “मग त्यांचे पैसे नाही मिळत. पण वळायला तेवढाच वेळ लागतो, बाई.”

मुलांनो, आमच्या भागात पुष्कळ घरांत बाया विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी मिळते. खराब निघालेल्या विड्या मोजत नाहीत. वर्गातल्या निम्म्या मुलांना हे घरचं माहीत होतं. सगळ्यांच्या सुया थांबल्या होत्या आणि सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी खडू घेतला. म्हटलं, “चला, हिशेबच करू.” मुलंच आकडे सांगायला लागली. चौतीस आणि तीन, सदतीस मासे. प्रत्येकी चार मिनिटं. ३७ गुणिले ४, एकशे अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे दोन तास अठ्ठावीस मिनिटं, तेही ज्योतीसमोर डोळे लावून. चाचीनं सांगितले तेवढे दिले असते तर ३४ गुणिले १५, पाचशे दहा रुपये. मी दिले चारशे आठ. त्यातूनच काच, त्यातूनच गॅस.

“एकशे दोन रुपये कमी,” मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. ज्याला माझ्या तासाला वजाबाकी कधी येत नाही, तोच!

मला काय वाटलं ते लिहायला अवघड आहे. मणी हाताचा हवा म्हणून मी शहराच्या टोकापर्यंत गेले होते. आणि हातानं केलेल्या वस्तूत जो थोडा वेडेवाकडेपणा असतो, त्यालाच ‘नको’ म्हणून आले होते. जुळे भाऊ हवे होते तर साच्यातलेच घ्यायचे होते ना?

“मग आता काय करायचं?” मी वर्गालाच विचारलं.

कुणी म्हणालं, पैसे पाठवा. कुणी म्हणालं, नुसते पैसे पाठवले तर चाचीला वाटेल आपण भीक देतोय. बराच खल झाला. शेवटी ठरलं की चाचीला पत्र लिहायचं. राहिलेले एकशे दोन रुपये पाठवायचे, आणि ते तीन वाकडे मासे पूर्ण किमतीला मागवायचे. तीन गुणिले पंधरा, पंचेचाळीस. मिळून एकशे सत्तेचाळीस. पत्र मुलांनी मराठीत सांगितलं, मी हिंदीत लिहिलं. लिपी तर एकच! पत्ता वहीत होताच. पैसे अर्थातच माझे. आणि पार्सलचा खर्चही मीच वर घातला, कारण तो हिशेबात धरायचा राहिला होता. तोही मुलांनीच दाखवून दिला.

तीन आठवड्यांनी एक छोटा डबा आला. आत कापूस, कापसात तीन मासे. तिघांची शेपूट एका बाजूला वाकलेली. तेच होते की चाचीनं मुद्दाम तसे नवे केले होते, कोण सांगणार? सोबत तिच्या मुलीच्या अक्षरात चिठ्ठी होती: पैसे पोचले, माशांची आठवण ठेवली म्हणून आई खूश आहे. पण आई विचारते, सरळ मासे असताना तुम्हाला वाकडे कशाला हवेत?

ते शिवायचे कुठं, यावरून वर्गात भांडण होणार असं मला वाटलं. चौतीस मुलांचे चौतीस मासे आधीच नदीत होते. पण विड्यांचं बोलणारी ती मुलगी उठली, भिंतीशी गेली आणि देवनदी जिथं डोंगराला वळसा घालते तिथं तिनं बोट ठेवलं.

“इथं, बाई. मासा वळताना शेपूट वाकवतोच की!”

तिघंही तिथंच शिवले. आता वर्गात कुणी पाहुणे आले की पहिलं बोट त्या वळणावरच जातं, कारण तेवढेच तीन मासे खरेखुरे पोहताना दिसतात. आम्ही त्या वळणाचा फोटो काढून चाचीला पाठवला. तिच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

आणि हो, माझ्या वहीत आता पाचवा रकाना आहे: किती मजुरी दिली. तुमच्याकडेही मण्यांची, शिंपल्यांची, बाहुल्यांची अशी एखादी वही असेल, तर तुमचा चौथा रकाना भरलेला आहे का, ते एकदा उघडून पाहा.